साक्षरता वर्गात चालू प्रश्न कसा घ्यायचा: स्वयंसेवकांसाठी पायरीवार मार्गदर्शक

प्रौढांच्या साक्षरता वर्गात चालू घडामोडी घेताना एक चूक जवळपास सगळीकडे होते. स्वयंसेवक सकाळच्या पेपरातली बातमी वाचून दाखवतो, तिच्यावर वीस मिनिटं बोलतो, बाया माना डोलावतात आणि मग 'चला, आता वह्या काढा' म्हणत पाठ सुरू होतो. बातमी एकीकडे राहते, वाचन-लेखन दुसरीकडे. वादाला घाबरून काहीच न घेणारे स्वयंसेवकही बरेच आहेत. त्यांचा वर्ग 'कमळ', 'गवत', 'बदक' यांच्यातच फिरत राहतो आणि महिन्याभरात निम्म्या जागा रिकाम्या होतात. दिवसभर खुरपून आलेली बाई बदक वाचायला किती दिवस येईल?

'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे स्वयंसेवक, बचत गटात अक्षरं शिकवणाऱ्या ताया आणि रात्रीचे वर्ग चालवणारे शिक्षक यांच्यासाठी हे लिहितो आहे. 'हे सगळं आपल्या अभ्यासक्रमात कुठे बसतं?' असं अनेक जण विचारतात. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या या कार्यक्रमाचे पाच घटक आहेत. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान हा त्यातला पहिला, तर जीवनकौशल्यं हा दुसरा. पैशाचे व्यवहार, मोबाइलचा वापर, आरोग्य, मुलांचं शिक्षण हे सगळं त्या दुसऱ्या घटकातच येतं. शेवटची चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. गावातला प्रश्न नीट घेतला तर तिन्हींची तयारी त्यातूनच होते.

त्यासाठी एक कसोटी शेवटपर्यंत सोडू नका. प्रश्न कोणताही असो, त्या संध्याकाळी शिकणाऱ्याने स्वतः काही वाचलं पाहिजे, काही मोजलं पाहिजे आणि काही लिहिलं पाहिजे. हे तिन्ही बसत नसेल तर तुमची तयारी अपुरी आहे. तो विषय पुढच्या आठवड्यावर टाका.

पायरी १: विषय वर्गाबाहेर शोधा

विषय पेपरातून निवडू नका. रेशन दुकानाची रांग, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा, बचत गटाची बैठक इथे आठवडाभर कान उघडे ठेवा. खिशात छोटी वही असू द्या आणि लोक बोलतात ते शब्द जसेच्या तसे उतरवा: 'हप्ता', 'वसुलीवाला', 'अंगठा उमटत नाही', 'केवायसी', 'पंचनामा', 'नाव कटलं'. त्यांच्या जागी शुद्ध शब्द लिहू नका. पुढे हेच शब्द वाचनाला येणार आहेत. शिकणाऱ्यांच्या जगण्यातल्या, त्यांना बोचणाऱ्या शब्दांपासून अक्षरं शिकवायची ही वाट ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६०च्या दशकात घालून दिली. ती आजही चालते, कारण बोलताना हजारदा वापरलेला शब्द डोळ्यांना लवकर ओळखू येतो.

वहीत सात-आठ विषय जमले की प्रत्येकाला तीन प्रश्न लावा. हा प्रश्न वर्गातल्या निम्म्या लोकांना तरी भिडतो का? त्यावर महिन्याभरात त्यांच्या हातून काही होण्यासारखं आहे का, म्हणजे एखादा अर्ज, एखादा फोन, घरातला हिशेब, ग्रामसभेत विचारायचा सवाल? आणि हा विषय बोलल्यामुळे वर्गातल्या कोणाला घरी किंवा गल्लीत त्रास होईल का? पहिल्या दोघांचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' आलं तरच विषय घ्या.

मधल्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वजन देतो. देशातली महागाई हा मोठा विषय खराच, पण त्यावर चर्चा झाली की माणूस हताश होऊन घरी जातो. तोच विषय 'गॅसची टाकी, तेल आणि किराणा यांचा आपल्या घरचा दोन महिन्यांचा हिशेब' असा घेतला तर वही भरते आणि बोलणंही होतं.

हंगामही बघा. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात आणि वर्ग अर्धा होतो. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मजूर नेणाऱ्या मुकादमाशी झालेला व्यवहार, मुलांची शाळा हे विषय ती माणसं गावात असताना, पावसाळ्यातच घेतले पाहिजेत. कारखान्यावर गेल्यावर उचलीचा कागद वाचून फारसा उपयोग नसतो.

> सावधान: वर्ग सुरू झाल्यापासून पहिला महिना जात, धर्म आणि पक्ष यांचे विषय घेऊ नका. पाणी, रेशन, हप्ता, दवाखाना यांपासून सुरुवात करा. एकमेकांसमोर बोलायची सवय आधी लागू द्या.

पायरी २: माहिती तपासा, तारखेसकट

माहिती खोटी असण्यापेक्षा शिळी असण्याचा धोका मोठा आहे. पीकविम्याचंच घ्या. राज्यात २०२३च्या खरिपापासून शेतकरी १ रुपया भरून विमा उतरवत होते. २०२५च्या खरिपापासून ते बंद झालं. खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा असं ठरलं. नुकसान मोजायची रीतही बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडलेल्या शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, आधारली गेली. 'नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवा' ही सूचना त्याआधी वर्षानुवर्षं भिंतींवर आणि मोबाइलवर फिरत होती. एखाद्या स्वयंसेवकाने जुनं कात्रण काढून तीच शिकवली, तर त्याच्यावर विश्वास ठेवणारे लोक चुकीच्या दारात उभे राहतात. नियम पुन्हाही बदलतील, म्हणून त्या त्या हंगामाचा कागद नव्याने बघायचाच.

प्रत्येक माहितीबाबत तीन गोष्टी पाहा. मूळ कागद कोणाचा आहे? त्याची तारीख काय? तो आज लागू आहे का? राज्य सरकारचा निर्णय असेल तर शासन निर्णय, म्हणजे जीआर, सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यावर तारीख आणि सांकेतांक असतो. पेपरातली बातमी सुरुवातीला ठीक, पण वर्गात नेण्याआधी तलाठी, कृषी सहाय्यक, आशाताई किंवा बँकेतला माणूस, ज्याचं ते काम आहे त्याला एकदा विचारा. बातमीत 'मिळणार' असतं. ते 'मिळतं' झालं आहे का, हे त्यांनाच ठाऊक असतं.

व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरावर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं, तर तो आधार म्हणून वापरू नका. मात्र वर्गात दाखवायला असा मजकूर उपयोगी पडतो. 'यात तारीख आहे का? कोणी लिहिलंय? पैसे किंवा ओटीपी मागितलाय का?' हे तीन प्रश्न फळ्यावर लिहून तो संदेश सगळ्यांनी मिळून वाचला, की तो एक चांगला पाठ होतो.

> तपासा: तुमच्या पानाच्या तळाशी 'ही माहिती कुठून घेतली, कोणत्या तारखेची' ही एक ओळ लिहिता येते का? येत नसेल तर पान वाटू नका.

पायरी ३: एका पानाचा मजकूर तयार करा

सगळ्यांत जास्त मेहनत इथे घ्यायची आणि नेमकी इथेच लोक घाई करतात. पेपरातली बातमी नवसाक्षराला वाचता येत नाही. वाक्यं लांब असतात, जोडाक्षरं दाट असतात आणि अक्षर बारीक. म्हणून तुमचं पान तुम्हीच लिहा.

एका पानावर सहा ते आठ वाक्यं, एका वाक्यात पाच-सहा शब्द. अक्षर एवढं मोठं की चष्मा नसलेल्या आजीलाही हात लांब करून वाचता यावं. हाताने लिहीत असाल तर काळ्या स्केचपेनने लिहा. शिकवून झालेल्या अक्षरांपलीकडची नवी जोडाक्षरं दोन-तीनच ठेवा, बाकी टाळा. 'कर्ज' हा शब्द टाळता येत नाही, म्हणून त्या दिवशी 'र्ज' शिकवायचा. 'परतफेडीची क्षमता' मात्र सहज टाळता येते. त्याऐवजी 'फेडता येईल एवढं' लिहा.

उदाहरणासाठी एक विषय शेवटपर्यंत नेतो. आज अनेक गावांत बायकांच्या डोक्यावर फायनान्स कंपन्यांची गटकर्जं आहेत. आठवड्याला किंवा पंधरवड्याला बैठक होते आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव येतो. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२पासून या कर्जांसाठी नियम लागू केले आहेत. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज त्यात येतं. त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हप्ता उशिरा आला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावायचा, पूर्ण कर्जावर नाही. वसुलीसाठी सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर फोन करायला मनाई आहे. धमकी आणि शिवीगाळ तर चालतच नाही. कर्जाचा तपशील घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो.

हे सगळं एका पानावर बसत नाही आणि बसवूही नका. पहिल्या दिवसाचं पान असं होईल:

> कर्जाचा हप्ता
> आपण कर्ज घेतो.
> कर्जाचं कार्ड मिळतं.
> कार्डावर रक्कम असते.
> कार्डावर हप्ता असतो.
> सही करायच्या आधी कार्ड वाचू.
> सगळे हप्ते मिळून कमाईच्या निम्मे.
> त्याहून जास्त नको.
> कर्ज लवकर फेडलं तर दंड नाही.

पानाच्या मागे हिशेब ठेवा. समजा, ४०,००० रुपये कर्ज, महिन्याचा हप्ता २,११५ रुपये, मुदत २४ महिने. एकूण किती भरले? ५०,७६०. जास्तीचे किती गेले? १०,७६०. आता पुढचं गणित, जे बायकांना सगळ्यांत जास्त हलवतं: विमा आणि फी कापून हातात आले ३८,८०० रुपये. मग खरे जास्तीचे किती? ११,९६०. दुसरा हिशेब निम्म्याचा. घरात महिन्याला १२,००० येतात, तर सगळ्या कंपन्यांचे हप्ते मिळून ६,०००च्या आतच हवेत. आपले किती आहेत, ते प्रत्येकीने घरी जाऊन मोजायचं. वर्गात विचारायचं नाही.

गावच्या खासगी सावकाराला हे नियम लागत नाहीत. त्याच्यासाठी २०१४चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे जाते. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आणल्या की गोंधळ होतो. सावकारीचं पान वेगळं करा.

> सावधान: पानावर 'करा', 'करू नका' असे हुकूम भरू नका. 'कार्ड वाचू', 'पोच मागू' असं लिहा. साठ वर्षांच्या माणसाला एकोणीस वर्षांच्या स्वयंसेवकाचे हुकूम वाचायला आवडत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

पायरी ४: जागा आणि बसणं ठरवा

वर्ग कुठे भरतो त्यावर कोण येणार हे ठरतं. मंदिराच्या सभामंडपात भरला तर गावातले काही लोक पायरीशीच थांबतात. एखाद्या वस्तीच्या समाजमंदिरात भरला तर दुसऱ्या आळीचे येत नाहीत. शाळा किंवा अंगणवाडी सगळ्यांत बरी. घरच्या ओसरीवर घ्यायचाच असेल तर त्या घराचं आणि गावाचं नातं आधी समजून घ्या.

गोल बसवा, पण रोजच्या जागा मोडा. जावा-जावा, सासू-सून एकमेकींच्या शेजारी असतील तर सून बोलत नाही. चिठ्ठी काढून जोड्या लावल्या की कोणी कोणाला मुद्दाम हलवल्यासारखं वाटत नाही.

पहिल्या दिवशी चार नियम ठरवा, तेही त्यांच्या तोंडून: एक बोलताना बाकीचे ऐकतील, गावातल्या माणसाचं नाव घेऊन गोष्ट सांगायची नाही, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, ज्याला बोलायचं नाही त्याला आग्रह नाही. हे नियम मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. दर वेळी त्यातला एक कोणीतरी वाचून दाखवेल. तेवढंच वाचन.

पायरी ५: वर्ग चालवा, याच क्रमाने

दीड तास धरून सांगतो. क्रम बदलला की वर्ग भाषणाकडे घसरतो, म्हणून घाई असेल तर वेळ कमी करा, क्रम नका बदलू.

वस्तू, सुमारे दहा मिनिटं. मधोमध खरी वस्तू ठेवा. आपल्या उदाहरणात कर्जाचं कार्ड, नाव आणि खाते क्रमांक झाकलेलं. 'मावशी, हे काय आहे? तुम्ही कुठे पाहिलंय?' एवढंच विचारा. माहिती सांगू नका. 'मला तर पावतीच देत नाहीत', 'मशिनीवर बोट लावून घेतात' असं लोक बोलू लागतील. जो शब्द दोन-तीनदा येईल तो फळ्यावर लिहा.

शब्द, पंधरा मिनिटं. फळ्यावरचा शब्द फोडा. 'हप्ता' मधून ह, प, त, मग 'प्त'. त्याच अक्षरांचे दुसरे शब्द त्यांना सुचू द्या. पाठ्यपुस्तकातला त्या दिवसाचा धडा याच अक्षरांचा असेल तर उत्तमच. दोन्ही जुळवून ठेवणं हे तुमच्या तयारीचं काम.

वाचन, वीस मिनिटं. पान वाटा. आधी जोडीत, मग एकेकाने एकेक वाक्य मोठ्याने. तुम्ही वाचून दाखवू नका. अडला तर शेजारी सांगेल. तुम्ही एकदा वाचून दाखवलंत की पुढचे सगळे पाठ म्हणतात, वाचत नाहीत. कोण वाचतंय आणि कोण म्हणतंय ते ओळखायला मधलंच एखादं वाक्य विचारा.

मोजणं, वीस मिनिटं. पानामागचा हिशेब. अंक न येणाऱ्या बाया तोंडी हिशेबात तुमच्याहून जलद असतात. आधी तोंडी करू द्या, मग तेच अंकांत मांडा. उलट क्रमाने गेलात तर त्या स्वतःला 'ढ' समजून गप्प बसतात.

बोलणं, पंधरा मिनिटं. आता चर्चा. वाचून आणि मोजून झाल्यावर बोलायला सगळ्यांकडे सारखा मसाला असतो, त्यामुळे नेहमीचे दोन-तीन मोठे आवाज वरचढ ठरत नाहीत. प्रश्न नेमका विचारा. 'कर्जाबद्दल तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न वाया जातो. 'सही करायच्या आधी काय काय विचारायचं?' याला उत्तरं मिळतात.

लिहिणं, दहा मिनिटं. प्रत्येकाने एक ओळ लिहायची. कोणी फक्त 'हप्ता' लिहील, कोणी पूर्ण वाक्य. दोन्ही चालेल, पण कोरं पान घेऊन कोणी घरी जायचं नाही.

> तपासा: वर्ग संपल्यावर स्वतःला विचारा, नव्वद मिनिटांत माझा आवाज किती वेळ होता? पंधरा-वीस मिनिटांच्या वर गेला असेल तर पुढच्या वेळी पान अजून सोपं करा. बहुतेकदा पान अवघड असलं की शिक्षक जास्त बोलतो.

बँकेचा अधिकारी, वकील, पोलीस असा पाहुणा बोलवायचा असेल तर पहिल्या दिवशी नको. आधी वर्गाने पान वाचलेलं हवं आणि पाच प्रश्न लिहून ठेवलेले हवेत. पाहुणा आला की शिकणाऱ्यांनी वहीतले प्रश्न वाचायचे आणि त्याने उत्तरं द्यायची. मोबाइलवरच्या फसवणुकीचा विषय असा फार छान होतो. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, 'डिजिटल अटक' असं कायद्यात काही नाही आणि पैसे गेले तर ताबडतोब १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावायचा, हे खाकी वर्दीतल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की पटकन पटतं.

पायरी ६: तापलेला विषय

कधी ना कधी आरक्षण, धर्म, निवडणूक यांतलं काही वर्गात येणारच. तुम्ही नाही आणलं तरी येणार. मराठवाड्यात २०२३पासून एका बाकावर बसणाऱ्या दोन बायांच्या घरांत आरक्षणावरून अबोला धरल्याची उदाहरणं आहेत. तिथे 'हा विषय नको' म्हणून भागत नाही.

एक वस्तुस्थिती आधी मान्य करा: तुमचं आडनाव गावाला ठाऊक आहे. तुम्ही तोंड उघडण्याआधीच लोकांनी तुमची बाजू ठरवलेली असते. म्हणून इथे तुमच्या तोंडाऐवजी कागदाने बोललं पाहिजे.

फळ्याचे दोन भाग करा: 'कागदावर आहे' आणि 'मला वाटतं'. डावीकडे फक्त तारखेसह असलेल्या गोष्टी. उदाहरणार्थ, मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ला रद्द केला. फेब्रुवारी २०२४मध्ये विधिमंडळाने १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा केला. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरच्या, म्हणजे निजाम संस्थानातल्या जुन्या सरकारी नोंदींच्या, आधारे कुणबी दाखले देण्याच्या पद्धतीचा शासन निर्णय निघाला आणि ओबीसी संघटनांनी त्याला हरकत घेतली. उजवीकडे लोकांची मतं, पण प्रत्येक वाक्य 'मला वाटतं' ने सुरू व्हायला हवं. कोणी 'त्यांनी आमचं खाल्लं' म्हणालं तर खोडू नका, रागावू नका. 'हे कोणत्या बाजूला लिहायचं?' असं वर्गालाच विचारा. वर्ग बरोबर सांगतो. हा एक प्रश्न मी दहा भाषणांपेक्षा मोलाचा मानतो.

त्यानंतर दोन्ही बाजूंचं मागणं प्रत्येकी दोन वाक्यांत लिहायचं. एका बाजूचं मागणं दुसऱ्या बाजूच्या माणसाने वाचून दाखवायचं आणि 'बरोबर सांगितलं का?' असं त्या बाजूला विचारायचं. सहमती होणार नाही आणि त्या संध्याकाळी ती व्हावी अशी अपेक्षाही ठेवू नका. शेवट मात्र दोघांच्याही कामाच्या गोष्टीवर करा: जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांतला फरक, लागणारी कागदपत्रं, अर्ज कुठे द्यायचा. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी याच कागदांपायी दोन्ही घरांची सारखीच धावपळ होते.

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आणि पक्ष बाहेर ठेवा, प्रक्रिया आत आणा. ग्रामपंचायतीला एकाच प्रभागात अनेक जागा असतात, शिवाय सरपंचासाठी वेगळं मत द्यायचं असतं, म्हणून बटण एकदाच दाबून चालत नाही. हे न कळल्यामुळे मतं वाया जातात. यादीत आपलं नाव शोधणं हा तर वाचनाचा तयार पाठ आहे. पक्षाचं पत्रक, टोपी, झेंडा असलेला मोबाइल-फोटो वाचनसाहित्य म्हणून वापरू नका.

> सावधान: आवाज चढला तर चर्चा 'आटोपती' घेऊ नका. तशीच थांबवा, सगळ्यांना दोन मिनिटं वहीत लिहायला सांगा आणि मग ठरवा. लिहिताना माणूस शांत होतो. मारहाण, मृत्यू किंवा मोर्चा गावात ताजा असेल तर तो विषय त्या आठवड्यात घेऊच नका.

पायरी ७: कोणी स्वतःचं दुःख सांगितलं तर

हुंडा, मारहाण, बालविवाह असे विषय घेतले की कोणीतरी रडतं. कधी वर्गात, जास्त करून वर्ग सुटल्यावर दाराशी. त्या वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

वर्गातच सांगायला लागली तर हळूच थांबवा: 'काकू, हे आपण दोघी नंतर बोलू. मी थांबते.' चारचौघांत बाहेर पडलेली गोष्ट रात्रीपर्यंत तिच्या घरी पोचते आणि वर्गाचे नियम तिला वाचवू शकत नाहीत. स्वयंसेवक पुरुष असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सोबत घ्या. ऐका. सल्ला देऊ नका, नवऱ्याशी बोलायला जाऊ नका, समेट घडवू नका. मदतीचे क्रमांक सांगा: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. बालविवाहाचा प्रश्न असेल तर मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला लग्नाआधी कळवता येतं.

हे क्रमांक त्या दिवशी सगळ्यांनाच अंकलेखनाचा सराव म्हणून लिहायला द्या. मग जिला गरज आहे तिच्या वहीत ते असतात आणि कोणाला संशय येत नाही.

या विषयांच्या दिवशी फोटो काढू नका. वर्गाचे फोटो वर पाठवावे लागत असतील तर ते दुसऱ्या दिवशीचे पाठवा.

पायरी ८: वहीतून कचेरीपर्यंत

आठवड्याभरात त्या विषयावर एक खरा कागद लिहून झाला पाहिजे. कर्जाच्या उदाहरणात: 'माझ्या कर्जाचा तपशील मराठीत द्यावा' असा कंपनीच्या शाखेला अर्ज. प्रति, विषय, मजकूर, नाव, सही, तारीख हे सहा भाग फळ्यावर मांडा. मजकूर दोन-तीन वाक्यांचाच. तुम्ही लिहून देऊन तिची सही घेऊ नका. अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल, अर्ज तिचाच हवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याबद्दलची माहिती १४४४८ या क्रमांकावर विचारता येते.

दोन प्रती लिहायच्या आणि एकीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे शिक्का, तारीख, सही, जमलं तर आवक क्रमांक. बहुतेक अर्ज इथेच वाया जातात. 'ठेवून जा' म्हटलं की माणसं ठेवून येतात. 'साहेब, पोच द्या' हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणायचा सराव करा, एकीने कारकून व्हायचं, दुसरीने अर्जदार. पहिल्या वेळी दोघी-तिघींनी मिळून जावं. तुम्ही बरोबर गेलात तरी बाहेर उभे राहा.

विषय गावाचा असेल तर ग्रामसभा. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा होते, तिथे प्रश्न मांडणं सोपं जातं. प्रश्न लिहून न्यायचा, वाचायचा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते विचारायचं.

> तपासा: अर्जातलं प्रत्येक वाक्य अर्जदाराला स्वतः वाचून दाखवता येतं का? येत नसेल तर वाक्य बदला, सोपं करा, पुन्हा लिहायला द्या.

पायरी ९: पुन्हा त्याच विषयाकडे या

तीन-चार आठवड्यांनी तोच विषय परत काढा. अर्जाचं काय झालं? उत्तर आलं असेल तर तो कागद वर्गात वाचा. सरकारी किंवा कंपनीची भाषा अवघड असते, म्हणून आधी तुम्ही त्याचं सोपं पान करा आणि मूळ कागदातले ओळखीचे शब्द त्यांना शोधू द्या. उत्तर आलं नसेल तर स्मरणपत्र लिहायचं. तारखांमधले दिवस मोजायचे.

प्रत्येक विषयाची नोंद एका पानावर ठेवा: तारीख, पान कोणतं, नवी अक्षरं कोणती, कोणी काय लिहिलं, कागद कुठे गेला, माहिती बदलली का. सहा महिन्यांनी नियम बदलला की कोणाला चुकीचं सांगितलं गेलं होतं हे या नोंदीवरूनच कळतं, आणि त्या प्रत्येकाकडे जाऊन नवं पान द्यायचं. जुनं पान परत घ्या आणि त्यावर 'जुने' असं लिहून मगच फाइलला लावा.